गचक्याचा शेवटचा श्वास

"परत मेलास," बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे आमच्या डबिंगच्या दिग्दर्शिका. काचेआड माइकसमोर उभा होता गचक्या. गेली बावीस वर्षं परदेशी सिनेमांतली किरकोळ माणसं मराठीत हाच मरत आलाय. गोळी, भाला, मगर, काहीही सांगा, गडी बिनचूक मरणार. शेवटी एक बारीक श्वास सोडायचा, तो त्याचा हातखंडा. मी रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसतो. त्याची एक किंकाळी मी स्टुडिओच्या बेलला लावून दिली होती. आठवडाभर कुरियरवाला पार्सल जिन्यातच ठेवून पळत होता.

आणि आता आली ही जपानी कार्टून मालिका. नायक अट्टल तलवारबाज, पण माणूस मारायचा नाही अशी शपथ घेतलेला. तलवारीची धारच उलट्या बाजूला. गुंड पडतात, कण्हतात आणि उठून आपापल्या घरी जातात. नव्वद भाग, आणि पडणाऱ्या सगळ्यांचा आवाज गचक्याचा. पण गड्याला जगताच येईना. कण्हून झालं की सवयीनं तो श्वास सुटायचाच.

सातव्या टेकनंतर बाईंनी सांगून टाकलं, जेवायच्या सुट्टीआधी जमलं नाही तर दुसरा माणूस बोलावते. गचक्याचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या आईनं त्याचं एकही काम पाहिलेलं नव्हतं. पोटच्या पोराचं मरण कोण ऐकत बसेल, म्हणायची आणि टीव्ही बंद करायची. या मालिकेत मी मरत नाही, एवढी एक बघ, असं त्यानं महिनाभर मागे लागून तिला कबूल करायला लावलं होतं.

मग माइक सरळ करतो म्हणून मी आत गेलो. मशीन चालू ठेवूनच. पडद्यावर तलवार फिरली आणि मी गचक्याच्या पाठीत लाकडी पट्टी हाणली. सपाट बाजूनं हं, आम्हीही तत्त्वाची माणसं.

"आई गं! पाठ मोडलीस की रे गधड्या. पाणी दे आधी."

पडद्यावरचा गुंड पालथा होता, ओठ दिसतच नव्हते. बाई म्हणाल्या, "हेच ठेव. आणि उद्यापासून पट्टी घेऊनच ये."

मालिका टीव्हीवर सुरू झाली त्या रविवारी सकाळी मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन बसलो. आई टीव्हीकडे पाठ करून वाटाणे सोलत होती. गचक्या नखं खात भिंतीला टेकून उभा. यातला तू कुठला, तिनं मान न वळवता विचारलं. निळ्या कपड्यातला जाडा, तो म्हणाला.

तलवार फिरली. आईचे हात थांबले.

"आई गं... पाणी दे आधी."

आता ती वळली. जाडा गुंड पाठ चोळत उठून बसला होता.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली आणि भरलेला पेला आणून गचक्याच्या हातात दिला. तहान नव्हती तरी तो सगळा प्यायला.