वाघिणीच्या दातांवरून

मी माऊथगार्ड बोलतोय. रग्बी खेळणाऱ्या एका बाईच्या वरच्या दातांवर बसणारं रबरी कवच. नाक मुरडू नका. आयुष्य लाळेत गेलं असलं, तरी माणसांची पारख मला तुमच्यापेक्षा बरी आहे.

माझा जन्म दंतवैद्याकडे झाला. तिच्या दातांचा साचा घेऊन त्यावर मला तापवून बसवलं आणि पोटात एक चिप घातली. डोक्याला जोराचा मार बसला, की मी संघाच्या डॉक्टरबाईंना इशारा पाठवायचा. संघातल्या पोरी मला चुगलखोर म्हणायच्या. त्यांना डोकं फुटलेलं चालायचं, बाकावर बसणं चालायचं नाही.

व्यावसायिक खेळाडू म्हणे. आणि जर्सी घरी नेऊन स्वतः धुवायच्या. पुरुषांचा सराव आटोपला की उखणलेलं मैदान यांच्या वाट्याला. क्लबचे अध्यक्ष फोटोपुरते यायचे, 'आमच्या वाघिणी' म्हणायचे आणि मध्यंतराआधी गाडीत बसायचे. असल्या माणसाच्या टाळ्यांसाठी माझी मालकीण पहिल्या रांगेत डोकं खुपसून समोरच्या आडदांड बायांना रेटायची. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

खरी अक्कल दिसायची ती हंगामाच्या सुरुवातीला. डॉक्टरबाई दहा शब्द वाचायच्या, खेळाडूनं ते परत म्हणायचे. पुढे मार लागला की पुन्हा तीच परीक्षा आणि दोन्हींची तुलना. तर या शहाण्या सुरुवातीलाच मुद्दाम चार शब्द गिळायच्या, म्हणजे उद्या डोकं गरगरलं तरी फरक दिसायला नको. स्वतःला मठ्ठ ठरवून घेण्यात धन्यता मानणारी जमात मी दुसरी पाहिली नाही.

"यंदा अख्खा संघच विसरभोळा आलाय वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझी मालकीण गालातल्या गालात हसली.

मग अंतिम सामना आला. पुढच्या वर्षीचा करार त्यावरच ठरणार होता. समोरच्या बाईला पाडताना तिचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. मी इशारा दिला. डॉक्टरबाईंनी हिला बाहेर बोलावून शब्द वाचले. हिनं मला मुठीत आवळलं आणि सहा शब्द सांगितले. सुरुवातीलाही सहाच होते, म्हणून ही पुन्हा मैदानात. फक्त या खेपेला नाटक नव्हतं. उरलेले चार तिला खरंच आठवले नव्हते.

सामना जिंकला. अध्यक्ष शेवटपर्यंत थांबले, कारण हातात चषक यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेसिनपाशी मला घासत होती.

"आई, गॅस बंद केलास ना?"

"केला."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. आई हात पुसत दारात आली. "तिसऱ्यांदा विचारतेयस. चेष्टा चाललीय का माझी?"

"हो गं, चेष्टाच," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. आधी विचारल्याचं तिला आठवतच नव्हतं.

आईला घेऊन ती तडक डॉक्टरबाईंकडे गेली. "हंगामाच्या सुरुवातीला मी मुद्दाम चुकले होते," ती म्हणाली. "काल नाही."

डॉक्टरबाईंनी माझ्या हंगामभरच्या इशाऱ्यांची यादी उघडली. "यंदाचा हा तिसरा मार. आता खेळ कायमचा बंद."

"आणि करार?"

"करार गेला चुलीत," आई म्हणाली. "तू घरी चल."

संध्याकाळी प्रशिक्षकाचा फोन आला. इतकी वर्षं 'बेटा, बेटा' करणारा माणूस. "ऐकलं मी. वाईट वाटलं. तुझी जर्सी तेवढी धुऊन आणून दे, नव्या मुलीला लागेल."

तिनं धुतली. वेडीनं इस्त्रीसुद्धा केली.

मी दुसऱ्या कुणाच्या दातांवर बसत नाही, म्हणून मला कुणी मागितलं नाही. सामना असला की ती मला डबीतून काढते, दातांवर चढवते आणि टीव्हीसमोर बसते. परवा तिची जर्सी घातलेली नवी पोरगी कपाळ धरून खाली बसली, तेव्हा ही खुर्चीतून अर्धी उठली होती. पुन्हा खेळते म्हणत क्लबात गेलीच, तर तिला दारात कुणी अडवणार नाही. उलट हार घालतील.

आई, तुम्हीच मला कचऱ्यात टाका. तिच्या हातून ते व्हायचं नाही.