वस्तऱ्यालाही भीती वाटते

मी वस्तरा बोलतोय, पण हळू बोलतोय. या क्षणी मी एका म्हाताऱ्याच्या गळ्यावर टेकलोय, आणि ज्याच्या हातात आहे त्याला मी हातात असल्याचं नीट कळत नाहीये.

म्हातारा म्हणजे माझा पहिला मालक. चाळीस वर्षं त्याने मला चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार दिली. दुकान मुलाच्या हवाली केलं तेव्हा मलाही दिलं. गिऱ्हाइकांना आता दर वेळी नवं पातं लागतं. मी उरलोय तो म्हाताऱ्याच्या आठवड्याच्या दाढीपुरता.

मुलगा हाताचा हलका, तोंडाचा गोड. दिवसभर सांगत असतो, "साहेब, मान सरळ." आणि गिऱ्हाईक उठलं, की स्वतः स्टुलावर बसून मांडीवरच्या फोनमध्ये मान घालतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पुढचं गिऱ्हाईक येऊन खाकरेपर्यंत ती मान वर येत नाही.

आधी नुसती मान धरायची. गिऱ्हाइकांची मोडतो तशी तो आपलीही कडकन मोडायचा. मग खांद्यातून कळ निघून कोपरापर्यंत जाऊ लागली. मग अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं. परवा कंगवा पडला, काल कात्री. "हात ओले होते," म्हणाला. कसले ओले? मी कप्प्यातून पाहत होतो. धंदा बसेल या भीतीने त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही.

आणि आज मी गळ्यावर. म्हातारा आवंढा गिळतोय. मुलाची मूठ सैल पडतेय. मला धार आहे, पण ओरडायला तोंड नाही. घाबरलोय हो मी!

"थांब," म्हातारा डोळे मिटूनच म्हणतो. "पोरा, वस्तरा भरकटतोय. बोटं मेलीत का तुझी?"

"नाही हो आण्णा, जरा मुंग्या आल्यात."

"कधीपासून?"

मुलगा हळूच म्हणतो, "चार महिने झाले."

म्हातारा त्याचं मनगट धरून मला गळ्यावरून उचलतो, फळीवर ठेवतो. अर्ध्या तोंडाला साबण तसाच. मुलाला खुर्चीत बसवून मागे उभा राहतो आणि त्याची मान चाचपतो.

"मोडून द्या ना आण्णा. मोकळी होईल."

"खुळा आहेस का? जन्मभर लोकांच्या मोडल्या, तीच चूक झाली. शीर दबली असेल तर? आत्ता उठायचं आणि डॉक्टर गाठायचा. तोवर वस्तऱ्याला हात लावलास तर याद राख."

"बरं," मुलगा म्हणतो. त्याचे डोळे भरून आलेत.

मला हायसं वाटतं. तेवढ्यात त्याच्या पँटच्या खिशातला फोन थरथरतो, आणि म्हाताऱ्याच्या दोन्ही हातांमधून ती मान आपसूक खाली जाते. त्याला कळतही नाही. आरशात म्हातारा ते पाहतो. मीही पाहतो.

आण्णा, मला मिटा आणि कप्प्याला कुलूप लावा. दाढी वाढली तरी चालेल.