वासाचा रकाना

"विझली! बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?" शिवणकाम करणाऱ्या बाई पैज जिंकल्यासारख्या म्हणाल्या.

गॅसची शेकोटी वीस मिनिटं झकास जळली आणि गपकन विझली. म्हातारे मेकॅनिक जमिनीवर पालथे पडून टॉर्चने आत बघत होते.

"विझते म्हणजे शहाणी आहे, ताई. ही बारकी ज्योत या दांडीला तापवत राहते. दांडी गार पडली की गॅस आपोआप बंद. उगाच धोका नको."

"असेल शहाणी! माझी बोटं आखडतात त्याचं काय? परवा शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत."

बारक्या ज्योतीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं निघालं. ज्योत दांडीपर्यंत पोचणार कुठून? गॅसच्या वासाला कोळी भुलतो, हे मेकॅनिकना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. कोळ्याला येतो तो वास आपल्याला येत नाही, हे मात्र गेल्या आठ महिन्यांतलं.

गॅस कंपनीच्या कचेरीत त्यांना नाकशेठ म्हणत. दारात उभं राहून गळती कुठल्या खोलीत आहे ते सांगायचे, आणि त्याचा थोडा तोराही होता. मग एका तापातून उठले ते वासाची जाण गमावूनच. घरी बायकोलाही बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची! नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात का बघायचं, आणि लोकांना दाखवायला एकदा हुंगायचं. कळलं असतं तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी गोदामात नट मोजायला बसवलं असतं. त्या कल्पनेनेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जाळं साफ झालं. पुढचे जोड साबणाने तपासून झाले. मागचा जोड मात्र भिंतीच्या खोबणीत होता. तिथे नजर जात नव्हती, ब्रशही पोचत नव्हता. तिथे नाकच लागतं. त्यांनी नट हाताच्या अंदाजाने आवळला, गॅस सोडला, खोटंखोटं हुंगलं आणि पेटवायच्या बटणावर अंगठा ठेवला.

"भाऊ, वास येतोय का हो?" बाईंनी विचारलं.

"गॅस सोडला की थोडा येतोच," ते बोलून गेले.

"तुम्ही म्हणताय तर असेल," म्हणून बाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला.

मेकॅनिकचा अंगठा बटणावरच थांबला. बाईंनी वाद घातला असता तर ते कदाचित हट्टाला पेटले असते. पण या बाईने आपलं घर निमूट त्यांच्या नाकावर सोपवलं होतं. त्यांनी अंगठा उचलला, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिथेच उभे राहिले.

"ताई, मला वास येत नाही. आठ महिने झाले. मघाशी खोटं बोललो मी."

बाईंनी डोळ्यांसमोरची सुई खाली घेतली. "आणि बटण दाबणार होतात!"

"हो."

त्यांना मान वर करवेना. बाईंनी सुई उशीत खोचली, गुडघे धरत धरत खाली बसल्या आणि खोबणीत तोंड घातलं. "सांगा, काय करायचं?"

त्यांनी नट आणखी आवळला, किंचित गॅस सोडला. "आता?"

"आहे."

पुन्हा बंद, पुन्हा पाना, पुन्हा गॅस.

"आता?"

"पुसट आहे."

चौथ्यांदा बाई बराच वेळ हुंगत राहिल्या. "नाही. अजिबात नाही."

दोन्ही म्हातारी माणसं जमिनीवर धापा टाकत बसली. खोली चांगली हवेशीर झाल्यावर त्यांनी शेकोटी पेटवली. वीस मिनिटं झाली, पस्तीस झाली, ज्योत हलली नाही. बाईंची बोटं सैल झाली आणि कापडावर सुई पळू लागली.

त्यांनी कामाचं कार्ड भरलं. शेवटचा रकाना होता, 'वास तपासला', पुढे सहीची जागा. एकतीस वर्षं तिथे त्यांची लफ्फेदार सही पडत आली होती. त्यांनी कार्ड बाईंपुढे धरलं.

"इथे तुम्ही सही करा."

"मी? अहो, ही तुमची जागा. साहेब विचारतील ना!"

"विचारू देत. वास तुम्ही घेतलात."

बाईंनी चष्मा चढवला आणि शिवणीसारख्या बारीक अक्षरात सावकाश सही केली. मेकॅनिकनी सहीची शाई वाळू दिली. मग कार्ड दुमडून, चुरगळणार नाही असं वरच्या खिशात ठेवलं आणि कचेरीच्या वाटेला लागले.