इस्तरीखाली जन्मलेला

ज्यांनी मला नाकारलं, त्यांनीच मला कोंडलं. नापसंत होतो तर जाऊ द्यायचं होतं. कुरूप म्हणून हिणवायचंही आणि वर कुलपातही ठेवायचं, हा कुठला न्याय?

मी एक सर्किट बोर्ड आहे. तळहाताएवढा, एका कोपऱ्यात तिरका कापलेला. एका कॉलेजच्या लोखंडी कपाटात मधल्या फळीवर पडून आहे. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. अशी कपाटं सगळीकडे आहेत. कारखान्यातल्या बोर्डांसारखा मी हिरवा, चकचकीत नाही. माझ्या तांब्याच्या वाटा उघड्या आहेत आणि त्या एका मुलीच्या हातांनी उमटवलेल्या आहेत.

करिष्मा तिचं नाव. तिचं गाव नागभीडच्या पलीकडे, जंगलाला लागून. वडील वारलूभाऊ यांच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. रानडुकरं शिरली की एका रात्रीत बांधी लोळवून टाकतात. वारलूभाऊंनी ठरवलं होतं, यंदा कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा.

"चैतूकाकाले विसरले का, बाबा?" करिष्मानं विचारलं. चैतू शेजारच्या गावचा गुराखी. गेल्या वर्षी अशाच तारेला चिकटला. काढला तेव्हा तो गेलेलाच होता.

"नाई विसरलो. पन डुक्कर का मले विचारून येते?"

"मी भोंगा करून देते. डुक्कर जवळ आला का लाइट लागन अन् भोंगा वाजन."

"धान निसवेपर्यंत थांबतो," वारलूभाऊ म्हणाले. "मंग मले काई म्हनू नको."

म्हणजे लोंब्या बाहेर पडेपर्यंतची मुदत. एका माणसाच्या जिवाची मुदत, असं मी म्हणतो.

माझा नकाशा करिष्मानं स्वतः आखला. असा नकाशा कागदावर आरशातल्यासारखा उलटा छापायचा असतो, तरच इस्तरी फिरवल्यावर तो तांब्यावर सुलटा उमटतो. छापायला ती नागभीडच्या मुजफ्फरभाईंकडे गेली. झेरॉक्सवाला भला माणूस; लोकांच्या अर्जांतल्या चुका न सांगता दुरुस्त करणारा. अक्षरं उलटी दिसताच त्यांनी ती सुलटी करून टाकली. बसच्या घाईत करिष्मानं पाहिलं नाही. त्या कागदावरून माझा थोरला भाऊ जन्मला, पुरता उलटा. एकही पार्ट त्याच्या भोकांत बसेना.

"मुजफ्फरभाई, तुमाले कोनं सांगतलं होतं सरळ कराले?"

"अरे बेटा, मले वाटलं तुह्याकडून गलती झाली. मी तं लोकाइच्या लग्नपत्रिका बी सुधारून देतो."

"म्हनून नवरदेवाचं नाव बदलते तुमच्याकडं."

"एकदाच बदललं होतं," मुजफ्फरभाई म्हणाले. "छोटं मन नको करू. थांब, घरून इस्तरी आनतो."

मी त्यांच्या काउंटरवर जन्मलो. कागद कोचिंग क्लासच्या जुन्या पत्रकाचा होता, गुळगुळीत. पाठीवर हसऱ्या टॉपरचा फोटो. त्या हसण्यावरून गरम इस्तरी पाच मिनिटं फिरली आणि शाईच्या काळ्या रेघा माझ्या तांब्याला चिकटल्या. मग पाण्यात भिजवून करिष्मानं अंगठ्यानं कागदाचा लगदा काढला. घरी प्लास्टिकच्या डब्यात तपकिरी द्रावण घेऊन त्यात मला हलवत बसली. काळ्या रेघांखालचं तांबं वाचलं, बाकीचं विरघळलं. एक रेघ मध्येच तुटली होती. तिथं तिनं तार जोडली. अंगाची ऊब ओळखणारा डोळा बसवला, भोंगा जोडला. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा गोठ्यातल्या बैलानं दावं तोडलं. मला फार अभिमान वाटला.

सहामाहीचा प्रकल्प म्हणून तिनं मलाच कॉलेजात नेलं. तिथंच घात झाला.

"घरी केलाय का?" परीक्षकांनी मला दोन बोटांत उचललं.

"हो सर."

"दिसतंच आहे. आणि हे ठिगळ कसलं?"

"रेघ तुटली होती सर. पण चालते."

"चालतो ते ठीक. दिसतो कसा?"

सेल जोडलेले होते. पण मला पालथा ठेवूनच त्यांनी शेरा लिहिला. माझ्या डोळ्यापुढून नुसता हात फिरवला असता तरी मी सगळं कॉलेज गोळा केलं असतं. शेजारी विक्कीचा प्रकल्प होता, नागपूरहून तयार आणलेला, काचेच्या पेटीत. त्यातला सेन्सर कुठला, हे विक्कीलाही ठाऊक नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नाही. 'उत्तम' असा शेरा मिळाला.

"सर, मार्क कमी द्या," करिष्मा म्हणाली. "पण हा घरी नेऊ द्या. आमचं धान निसवलं. बाबा तारेत करंट सोडतीन."

"प्रकल्प जमा करावा लागतो. नियम आहे."

माझे सेल काढून तिनं पिशवीत टाकले, मला टेबलावर ठेवलं आणि मागं न बघता गेली.

स्वतः करून शिका, असं भिंतीवर लिहिता आणि स्वतः केलेलं समोर आलं की नाक मुरडता. जे शेतात उभं राहायला हवं, ते मोजून फळीवर मांडता. ह्याला तुम्ही शिक्षण म्हणता?

त्यानंतर कपाट उघडलं की माझा जीव गोळा व्हायचा. आता कुणीतरी सांगेल, वारलूभाऊंच्या तारेला कोण चिकटलं ते.

दिवाळीनंतर शिपाई इसरू फडकं घेऊन आला. करिष्माच्या शेजारच्या गावचा तो. सोबत दिव्यानी मॅडम, यादी तपासायला. मला पुसताना इसरू म्हणाला, "हा त्या वारलूभाऊच्या पोरीचा. त्याच रोजी ती मुजफ्फरभाईच्या दुकानात उतरली अन् असाच दुसरा करून घेऊन गेली. वारलूभाऊनं करंट सोडलाच नाई. भोंगा असा वाजते मॅडम, आमच्या गावाले झोप नाई. अन् डुक्कर सारे आमच्याकडं येऊन राह्यले."

माझा धाकटा भाऊ शेतात उभा आहे. कुणी चिकटलं नाही. मला रडता येत असतं तर तेव्हा रडलो असतो.

पण म्हणून माझा राग गेलेला नाही. इसरूच्या गावीही धान आहे, तिथंही तारा आहेत. मला तिकडं पाठवा. गौरव नको, शेरा नको, एक बांध द्या.

"मी नेऊ का हा, मॅडम?" इसरूनं विचारलं.

"यादीत आहे रे. नियम आहे."

इसरूनं मला फळीवर ठेवलं आणि विक्कीच्या काचेच्या पेटीत वाकून पाहिलं.

"नियमानं ठेवा मॅडम, पन याले सेल तरी लावा," तो म्हणाला. "उंदरानं विक्कीच्या प्रोजेक्टच्या साऱ्या वायरी खाल्ल्या, ते तरी पळतीन."