आरशातला डाग

मी टीव्ही बोलतोय. दचकू नका, तुमच्या घरचाही बोलतोच की, तुम्ही जेवत असताना. तुम्ही आपले चावत बसता.

सलूनवाल्या मामांनी मला सेकंडहँड आणलं आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्याच्या मागे, उंच भिंतीला टांगलं. त्यामुळे खुर्चीत बसा की बाकड्यावर, मी दिसणार तो समोरच्या आरशात, उलटा! अक्षरं उलटी, पण एकानेही कधी कुरकुर केली नाही. वाचायचंय कुणाला? मारामारी उलटीही कळते. हाणामारी लागली की अर्धी दाढी फेसात ठेवून लोक टक लावायचे. मी चेकाळायचो. म्हणायचो, काय आपला रुबाब!

त्या आठवड्यात माझ्यावर एकच बातमी होती. पोरं पळवणारा समजून जमाव एकाला पट्ट्याने मारतोय. त्याच्या गालावर काळा डाग. मागे धडाडधूम संगीत आणि वर, 'जनतेने शिकवला धडा!' दिवसातून चाळीस वेळा.

"अजून दोन द्यायला हवे होते," बाकड्यावर रोज ठिय्या देणारा नळवाला दर वेळी म्हणायचा. एरवी मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारा माणूस.

शनिवारी एक आजोबा आले. उजव्या गालावर डाग. सोबत पाच वर्षांची नात, केस कापायचे नाहीत म्हणून भोकाड पसरलेली. "सोड मला! आईकडे जायचंय!"

बाकड्यावरच्या नळवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आरशात माझ्याकडे.

"काय हो, पोरगी कुणाची?"

"नात आहे माझी. का?"

"सगळे असंच सांगतात."

त्याने कंबरेचा पट्टा काढला. मुठीला दोन वेढे, बक्कल बाहेर. हुबेहूब माझ्यातल्यासारखं. शेजारचे दोघेही उठले आणि तिघे आजोबांवर तुटून पडले.

"थांबा, गाढवांनो!" मामा मध्ये पडले. आरशात बघून जन्मभर भांग पाडलेला माणूस तो. "टीव्हीतल्याचा डाग डाव्या गालावर आहे! आरशात उजवा दिसतो!"

थांबले. तोवर आजोबांचा हात मोडला होता. नात रडायची थांबली होती, ते मला जास्त लागलं.

आणि डाग डाव्याच गालावर असता तर? कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करून चॅनेलला धाडलं होतंच. संध्याकाळी मी तेही दाखवलं, तेच संगीत लावून. मामांनी प्लग उपटला तेव्हा पंधरावी खेप चालू होती.

आता माझ्यावर ओले टॉवेल वाळतात. परवा आजोबा आले, हात गळ्यात बांधलेला. नात दारातच अडली.

"मामा, तो नाही ना इथे?"

"नळवाला? नाही गं, त्याला पोलिसांनी नेलंय."

"तो नाही." तिने बोट वर केलं. माझ्याकडे.

मामांनी टॉवेल खाली ओढून माझं तोंड पुरतं झाकलं. तुम्ही कधी त्या सलूनात गेलात, तर हात पुसायला दुसरा टॉवेल घ्या. एवढा राहू द्या.