डॉर्कसच्या केसांचा रंग

माझी डॉर्कस सात वर्षांची असताना तापाने गेली. तिची कातडी माझ्यासारखीच काळी होती आणि केस पिवळे, सुकलेल्या काथ्यासारखे. मलाइता बेटाच्या काठावर, आमच्या खाडीत अशी मुलं बरीच. माझे आणि नवऱ्याचे केस मात्र काळेच. मासे खाऊन, खाऱ्या पाण्यात डुंबून केस पिवळे होतात, असंच आम्ही सगळे समजायचो.

पुढे नवराही गेला. मुलाने रेनेल बेटावरची लोइस बायको करून आणली. तिच्या माणसांत असे केस कुणाचेच नाहीत. त्यांना एकच मुलगी झाली, केझाया. केस काळेभोर. डॉर्कसचे केस पुन्हा एकदा हाताला लागावेत, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी रोज दुपारी नातीला खाडीत न्यायची, डोकं भिजवायची आणि उन्हात बसवून ठेवायची. लोइस आधी हसायची. पोरीची टाळू सोलवटली तेव्हा मात्र म्हणाली, "आई, मुलगी आहे ती. वाळत घातलेली मासळी नाही."

त्याच सुमारास केसांच्या रंगाचा शोध घ्यायला थुंकीचे नमुने गोळा करणाऱ्या एक बाई, खाडीत दगड रचून बांधलेल्या आमच्या छोट्या बेटावर आल्या. सुपारीने लाल झालेली थुंकी चालेल का, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि त्यांनी मला आधी चूळ भरायला लावली. मग मी त्यांना डॉर्कसचं सांगितलं आणि खाऱ्या पाण्याचं विचारलं.

"पाण्याने काही होत नाही, आजी. रंग केसाच्या मुळाशी तयार होतो. तो कमी करणारी खूण आईकडूनही यावी लागते आणि बापाकडूनही. तुम्हा नवराबायकोत ती एकेक लपलेली होती. डॉर्कसला दोन्ही मिळाल्या."

"आणि हिला?" मी केझायाला पुढे केलं.

"हिच्या आईकडे ती नसणार. बापाकडून आली असलीच, तर हिच्यातही लपून राहील. दिसलीच तर हिच्या मुलांत, तीही नवऱ्याकडे असली तर."

केझाया तेव्हा चार वर्षांची. माझ्या कमरेच्या कापडाला नाक पुसत होती.

संध्याकाळी मी लोइसला सांगितलं, उद्यापासून नेणार नाही. ती पोरीच्या टाळूला खोबरेल चोळत राहिली.

दुसऱ्या दुपारी केझाया हात धरून ओढायला लागली. मी तिला आईकडे पाठवलं आणि एकटीच पाण्यात उतरले. गळ्यापर्यंत गेले, डोकं बुडवलं. वर आले तेव्हा पलीकडच्या बेटाजवळ दोन पिवळी डोकी पाण्यात खेळत होती. कुणाची मुलं, ते एवढ्या लांबून ओळखू येईना.