डाव्या पायाचा घोटाळा

अबे, थांबा ना जराक! नुसते पाहून पाहून काय चालले? हो, मीच बोलून राह्यली. ढाणकीत बापूजीच्या आवारात, निंबाखाली उभी हाये ना, ती लाल, मोठी, दोन दिव्यांची गाडी. टाकीवर कोंबडी बसली हाये, तिकडं ध्यान नका देऊ. तिले वाटते मी तिच्यासाठीच आणली.

मी काही कालचं लेकरू नाई. यवतमाळच्या एका गड्याजवळ मी लय वर्सं पयाली. त्याचा हात असा गोड, का मी वाऱ्यालेही चिडवत जाव. मंग त्याच्या घरी जुळे लेकरं झाले. बायको म्हणे, "हिच्यावर आमी चौघं कुठं बसाव? दिव्यावर?" झालं! मी आली फुलसावंगीले, ऋतिकच्या दारात.

ऋतिक म्हणजे भगवानरावचा एकुलता पोट्टा. मनानं साखर, अंगानं बैल. पण जन्मात त्यानं चालवला तो फक्त ट्रॅक्टर. दुचाकीचं त्याले काहीच ठाव नाई, अन् पहिलीच गाडी घेतली ते मी! काहून? तर बापूजीची पोरगी वैष्णवी पाहाले जायचं होतं. फोटो पाहूनच गडी पागल झालता.

"बाबा, तिच्या दारात असा गेलो पाह्यजे का अख्खं गाव पाहीन!"

गाव पाह्यलं बरं. आयका तर खरं.

निघाच्या दिवशी ऋतिकच्या मायनं, विमलताईनं, माही पूजा केली अन् मांगं बसून पाह्यलं. "अवं माय! हे सीट होय का पोळपाट? एवढ्या उंच तर मी चिंचा तोडाले बी नाई चढली!" उतरली, अन् नवऱ्याच्या जुन्या फटफटीवर जाऊन बसली.

पोट्ट्यानं मले चालू केलं. मी जराक गुरगुरली, तर त्याच्याच हाताले घाम. अन् मले समजलं ना, भाऊ, गोम कुठं हाये! ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाखाली असते. माह्या डाव्या पायाखाली असते गिअर, क्लच असते हातात. हा पठ्ठ्या घाबरला का डावा पाय दाबे! दाबला का गिअर खाली पडे, अन् मी असा झटका देव का त्याची टोपी वावरात. खोटं कायले बोलू, मले मजा येत होती. मांगून निघालेले मायबाप फटफट करत पुढं गेले, अन् रस्त्यानं हसत गेले.

तरी पोचलो. बापूजीच्या आवारात ताडपत्री हातरून कापसाचा ढीग लावलेला, घराएवढा. सालभराची कमाई ते. ओसरीवर सारे बसले होते. ऋतिकनं मले न्यूट्रल केलं अन् ऐटीत रेस दिली. घ्रॉंव! घ्रॉंव! गल्लीतले लेकरं जमा झाले.

तेवढ्यात वैष्णवी पाणी घेऊन बाहेर आली.

गडी इसरला सगळं. रेस तशीच हातात. अन् बापूजीनं आवाज देल्ला, "बंद करा ना जावईबापू, म्हशी बुजल्या!" जावईबापू! शब्द आयकला अन् याचा डावा पाय धाडकन खाली!

मंग मी काय करू? मी उडाली. सरळ कापसात! पांढरंच पांढरं झालं. ऋतिक कमरेलोक आत, वरून दोन बूट दिसत. लेकरं टाळ्या पिटत.

पण माही हासी थांबली. माहा सायलेन्सर तापून लाल, अन् अंगाखाली कापूस! धूर निंघाला. बापूजी वरडले, "गेला माहा कापूस!"

वैष्णवीनं तांब्या फेकला, ढिगात उडी मारली अन् पहिले माही चावी फिरवली. "मले काय पाहता? उचला!" दोघं बाप, ती, अन् कापूस थुकत ऋतिक, साऱ्यांनी मले ओढून काढलं. ओंजळभर कापूस करपला, बाकी वाचला.

ऋतिक उभा राह्यला तर मिशीले कापूस, कानात कापूस. वैष्णवीनं हासू दाबलं.

"ट्रॅक्टरवर शिकले ना?"

"तुमाले कसं समजलं?"

"मी बी तसीच शिकली. मंग स्कूटी घेतली, दोनदा नालीत गेली. पण हे असलं धूड आणून कोणाच्या कापसात नाई गेली."

विमलताई म्हणे, "पोरी, मंग सोयरीकीचं..."

"काकू, चावी माह्याजवळ राहीन. यायच्या बाबाच्या फटफटीवर शिकू द्या यायले. डाव्या पायाची खोड गेली का सांगन."

तवापासून मी इथं, अन् कोंबडी माह्यावर.

दर आठवडी बाजाराले ऋतिक त्या फटफटीवर येते. पहिल्या खेपेले फाटकाले धडकला. मंग बकरीले भेऊन बंद पडला. वैष्णवी दारातून फक्त त्याचा पाय पाहे. पोट्टा कुत्र्याले पाहूनही पाय दाबे, मंग सोताच्याच मांडीवर चापट मारे.

मांगच्या बाजाराले मायले मांगं घेऊन आला. मधात म्हैस आडवी आली. मी दम धरला! त्यानं हातानं क्लच धरला, हळू ब्रेक लावला, डावा पाय जागचा हालला नाई. विमलताईचा पदर बी नाई सरकला.

वैष्णवी आली अन् तिनं चावी त्याच्या हातावर ठेवली. माह्या पेट्रोलाले उकळी फुटली, भाऊ! पण गड्यानं माह्याकडं पाह्यलं, कोंबडीकडं पाह्यलं अन् चावी वापस देल्ली.

"नाई जी. हिच्यासाठी अजून कच्चाच हाये मी. तुमच्याजवळच राहू द्या."

"कईलोक? लग्नालोक?"

बापूजीले चहाचा ठसका लागला. विमलताई बसल्या जागी वरडली, "आयकलं काय बाप्पा! पोरगी लग्न म्हणाली! लग्न म्हणाली!" वैष्णवी लाजून घरात पयाली, अन् चावी तिच्याच मुठीत.

तर पोट्टेहो, माह्याजवळ या, फोटो काढा, हात फिरवा. पण पहिली गाडी म्हणून मले नेऊ नका. लहान गाडीवर पडा, उठा, शिका, मंग या. मी काही रुसत नाई. मी कुठं पयून चालली? मले पयवणारा अजून शिकूनच राह्यला!